सिदोजीची फ्लॉपी

कळंबा, कोल्हापूर
सोमवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

तीर्थरूप विजयसिंह दाजी यांच्या चरणी,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे हंबीररावाचा, साष्टांग नमस्कार. (पूर्वी आठही अंगं टेकत होती. आता गुडघे टेकले की उठवायला माणूस लागतं, तेव्हा ती दोन वजा करून घ्यावीत.) आमच्याकडं सर्व क्षेम आहे. तुमचा कान काय म्हणतो? अक्काची कंबर पट्ट्यानं थांबली का? आणि ती काळी म्हैस चौथ्या सडाला अजून लाथच मारते का? कृष्णामाई आपल्या पात्रात आहे हे पेपरात वाचून बरं वाटलं.

तुम्ही म्हणाल, मोबाइल असताना हा हंबीर कागद का काळा करतोय. दाजी, राग मानू नका. तुम्ही फोन स्पीकरवर टाकून सोप्यात कट्ट्यावर ठेवता. मागच्या आठवड्यात मी फक्त एका सीडीची चौकशी केली, तर तुमच्या आधी शेजारच्या दोघींनी उत्तर दिलं आणि तिसरीनं माझी तब्येत विचारली. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुमच्या अंगठ्यानं ते सगळ्या पाहुण्यांच्या गटावर जातं. (तुम्ही मुद्दाम करता असं नव्हे, अंगठाच मोठा आहे.) म्हणून पत्र. आणि हे पत्र तुम्ही एकट्यानं, शक्यतो गोठ्यात बसून वाचावं. अक्काकडून मोठ्यानं वाचून घेऊ नये. का, ते शेवटी येईल.

आधी आनंदाची बातमी. आमच्या निशिगंधाचं लग्न जमलं. काल सुपारी फुटली, फेब्रुवारीतली तारीख धरली. मधले आठ दिवस मात्र ते मोडल्यातच जमा होतं, आणि ते एका निळ्या डबड्यामुळं, हळदी-कुंकवामुळं आणि माझ्या तोंडामुळं. मुख्य दोष तोंडाचा. काल छातीवरचा दगड उतरला आणि आठ दिवसांत पहिल्यांदा मी दुपारी घोरलो, असं घरची मंडळी सांगतात. म्हणून आज एवढ्या सविस्तर लिहायला बसलोय.

निशिगंधा दूध संघाच्या प्रयोगशाळेत फॅट मोजते हे तुम्हाला ठाऊक आहे. राजवीर तिथंच शेजारच्या टेबलावर असतो. दोन वर्षं शेजारी बसून दोघांनी दुधाशिवाय आणखीही काही मोजलं असणार, पण आपण जुन्या वळणाची माणसं, म्हणून एक मध्यस्थ गाठला आणि ‘स्थळ आलंय’ असं रीतसर करून घेतलं. पोरगं सरळ आहे, आईबाप गरीब स्वभावाचे. घरात सत्ता आजीची. झुंबरबाई. वय ब्याऐंशी, दात स्वतःचे, आवाज तालमीतल्या वस्तादाचा. गेल्याच्या गेल्या रविवारी ही मंडळी पन्हाळ्याच्या पायथ्याहून पोरगी बघायला आली. पोहे झाले, चहा आला, सगळं लोण्यातून सुरी फिरावी तसं चाललं होतं. तेवढ्यात झुंबरबाईंनी आमच्या घराण्याचं मूळ विचारलं. देवक विचारलं होतं, तेवढ्यावर भागलं असतं. पण मला कुणी घराण्याबद्दल विचारलं की माझं काय होतं ते तुम्ही तुमच्या लग्नापासून बघताय.

मी सुरू झालो. आमचे मूळ पुरुष तीन भाऊ, थोरला रायाजी, मधला सुभानजी, धाकटा सिदोजी. आम्ही रायाजीचे. सिदोजीचं भावांशी पटलं नाही, तो एका बैलावर संसार घालून घर सोडून गेला, पुढं त्याच्या वंशाचं आडनावसुद्धा बदललं. हे सगळं मी रंगवून सांगितलं. (बैलावर संसार घालून हे माझ्या पदरचं.) झुंबरबाईंनी कप खाली ठेवला. त्यांच्या सासरचं आज आडनाव खोत, पण ते कामावरनं पडलेलं. त्यांचा मूळ पुरुषसुद्धा भावांशी भांडून कुठूनसा आलेला, आणि नाव सिदू की सिदोबा असंच काहीतरी.

“म्हंजी त्यो तुमचाच की वो, पावणं!” म्हातारी एवढ्यानं ओरडली की बाहेर चपला राखत बसलेला ड्रायव्हर आत आला. “मग ही पोरं भाऊ-भन झाली की! एका भावकीत सोयरीक करता व्हय?”

दाजी, त्या वेळी निशिगंधाच्या हातात पाण्याचा ट्रे होता. पोरीचं तोंड बघवेना. आणि मी काय करावं? गप्प बसावं की नाही? मी छाती फुगवून म्हणालो, काळजी नको, आमच्या वडिलांनी, आबांनी, केलेली सगळी वंशावळ आमच्या कॉम्प्युटरात आहे. सिदोजी कुठं गेला, तिथं त्याचं पुढं काय झालं, सगळं आहे. म्हातारीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं ती बाजारात वांगी बघत असेल. “मग दावा. म्होरल्या ऐतवारी येतो. सिदोजीचं घर कुटं गेलं त्ये वाचून दावा. न्हाय दावलं तर आमचा हितनंच रामराम.” आणि गाडीत बसली.

आता वंशावळीचं तुम्हाला माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण आबांनी ती जेव्हा जेव्हा वाचून दाखवली तेव्हा तुम्हाला डुलकी लागलेली होती. आबा मास्तरकीतून निवृत्त झाले आणि त्यांना हा नाद लागला. आपल्या घराण्याचा हेळवी येल्लाप्पा दर सुगीनंतर बैल घेऊन सीमेपलीकडून येतो, दारात घोंगडं टाकून बसतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांची नावं न चुकता म्हणतो. जोंधळा घेतो, नवीन जन्मलेल्यांची नावं ऐकून घेतो, पुढच्या गावाला जातो. ना वीज, ना वायर, समोर बसवला की सुरू. आबांनी त्याच्याकडून दोन वर्षं बसून सहाशे बारा नावं वहीत उतरवली. (एक गोष्ट आता आठवते. येल्लाप्पा आमच्या दारात थोरल्या पातीची, म्हणजे रायाजीच्या वंशाची, नावं म्हणायचा, मधल्या पातीची म्हणायचा आणि सिदोजीपाशी आला की नेमकं त्याला पाणी लागायचं. पाणी पिऊन झालं की तो एकदम आशीर्वादावर यायचा. म्हातारपण, असं आम्ही समजायचो. आमची ही एरवी भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट घेणारी बाई, पण येल्लाप्पाला जोंधळ्याचं माप शीग लावून देते आणि वर एखादं घोंगडं. दानधर्माचं तिचं तेवढं एकच खातं.)

ती वही दोन हजार एक साली आमच्या दुकानात टाइप झाली. तेव्हा माझं डीटीपीचं दुकान जोरात होतं. थोरली आणि मधली पाती मी टाइप केली. धाकट्या पातीच्या वेळी निवडणुकीची पत्रकं आली, मला मान वर करायला सवड नव्हती, म्हणून ती आमच्या हिनं, संयोगितानं केली. (दुकानात माझ्यापेक्षा तिचे हात वेगानं चालायचे हे मी तिच्यासमोर कधी कबूल केलेलं नाही. तुम्हीही करू नका.) आणि मग आमच्यात, म्हणजे आबांच्यात आणि माझ्यात, ते साठवायचं कशात यावरून जुंपली.

मला मोठं हवं होतं. फ्लॉपीत दीड एमबीसुद्धा धड मावत नाही. मी नुकतीच झिप घेतली होती, जाडजूड निळं डबडं, त्यात जाडजूड डिस्क, शंभर एमबी! मी सहाशे बारा नावं तर (धाकटी पाती न वाचताच) घातलीच, वर जेवढ्यांचे फोटो मिळाले तेवढे स्कॅन करून घातले. एका चुलत आजोबांचा फोटो मिळाला नाही तर त्यांच्या घोड्याचा घातला. तरी डिस्क निम्मी रिकामी! मला कोण आनंद. ते डबडं जोडायचं म्हणजे मात्र प्रिंटरची वायर काढायची, त्याची लावायची, कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा, मग त्यानं ओळख दाखवली तर दाखवली. आबा खुर्चीत बसून हे बघायचे. एकदा म्हणाले, “हंबीर, किती मावतंय त्ये ऱ्हाऊ दे. मला लागंल तवा हाताला लागंल का, त्येवढं सांग.” आणि त्यांनी हट्टानं फ्लॉप्याच मागितल्या. एका पातीला एक, अशा तीन. सटकन आत, टकन बाहेर. वर शाईच्या पेनानं स्वतःच्या अक्षरात नाव. मी म्हटलं, आबा, तिन्ही पात्या एका फ्लॉपीत बसतात, फोटो नाहीत त्यात. तर म्हणाले, पात्या येगळ्याच ऱ्हाऊ द्यात. म्हातारा माणूस, मी वाद घातला नाही. पण हसलो मात्र खूप. दुकानात येईल त्याला सांगून हसलो.

त्यानंतर मी वाढतच गेलो. सीडी घेतली, डीव्हीडी घेतली, करंगळीएवढे पेनड्राइव्ह घेतले, आता दोन टेराबाइटची हार्ड डिस्क आहे. तिच्यात काय आहे? राजवीरच्या आजीला दाखवायचं म्हणून उघडली. एक्केचाळीस हजार फाइली. त्यातल्या निम्म्या सुप्रभात. गुलाबावर दवबिंदू असलेल्या सुप्रभात, चहाच्या कपावर लिहिलेल्या सुप्रभात. वंशावळ नाही. दुकान बंद करताना झिपमधलं सगळं इकडं घ्यायचं असं मी दहा वेळा ठरवलं होतं. एवढी जागा आहे, कधीही घेता येईल, असं म्हणत राहिलो आणि घेतलं नाही.

सोमवारी माळ्यावरून झिप काढली. आता हिला लागणारी वायर आजच्या कॉम्प्युटरला जातच नाही. म्हणून सगळं बोचकं बांधून राजारामपुरीत गुंडू रिपेअरवाल्याकडं नेलं. गुंडू जुन्या वस्तूंचा वैद्य आहे, त्याच्याकडं आमच्या काळातला एक कॉम्प्युटर अजून धडधाकट आहे. त्यानं झिप जोडली. दिवा लागला. डिस्क आत ढकलली, तर ती निम्म्यावर अडकली आणि आतून जात्यात खडा आल्यासारखा आवाज आला. गुंडूनं झाकण उघडलं, चिमट्यानं आत काहीतरी चाचपलं, मग उलटं करून कागदावर झटकलं. दाजी, दोन चमचे कुंकू पडलं. हळद पडली. अक्षता पडल्या, मोजून नाही पण मूठभर. आणि शेवटी आपट्याचं एक वाळलेलं पान.

“पावणं,” गुंडू म्हणाला, “ह्यो ड्राइव्ह हाय का देव्हारा?”

काय सांगू त्याला? खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. माझ्या दुकानात तलवार नव्हती, म्हणून हिनं पहिल्या वर्षापासून कॉम्प्युटर, प्रिंटर, कागद कापायचं मशीन आणि पुढं झिप यांची पूजा चालू केली होती. बाकीच्यांना बोटभर गंध. झिपला विशेष मान, डिस्क जाते त्या फटीतच. दुकान बंद झाल्यावरसुद्धा दर खंडेनवमीला ती झिप माळ्यावरून उतरवायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, नैवेद्य तोंडातच द्यायचा असतो. सगळ्यात महागाची वस्तू म्हणून हिची भक्ती, असं मी समजलो. डिस्कसुद्धा त्याच फटीत अर्धवट खोचलेली असायची, त्यामुळं तिचं झाकण सरकून आतली तबकडी लालभडक झालेली. गुंडूनं स्पिरिट लावून पुसली, कापसानं पुसली, शेवटी नमस्कार केला आणि मला परत दिली. सहाशे बारा माणसं आणि एक घोडा, सगळे कुंकवाखाली गेले.

मग मंगळवारी तुम्हाला फोन केला, कारण आबांच्या पंचाहत्तरीला मी तुम्हाला त्याच वंशावळीची सोनेरी सीडी मोठ्या समारंभानं दिली होती. अक्का म्हणाली, हाय की, परड्यातल्या पेरूच्या झाडाला टांगलीया, पोपट येत न्हाईत. मग तुमच्याकडं ठेवायला दिलेल्या मूळ वहीचं विचारलं, तर ती एकोणीसच्या महापुरात गेली हे शेजारच्या बाईंनी सांगितलं. येल्लाप्पाला गाठावं, तर तो अथणीकडं कुठंतरी, सुगीशिवाय इकडं फिरकत नाही आणि फोन वापरत नाही. (त्याचा नातू वापरतो, पण उचलत नाही.)

बुधवारपासून घरात जेवणावरची वासना उडाली. निशिगंधा आपल्यावर गेलेली नाही, ती बोलत नाही. भांडली असती, आदळआपट केली असती, तर मला बरं वाटलं असतं. ती कामावरून यायची आणि फरशी पुसायची. पुसलेली फरशी पुन्हा पुसायची. प्रयोगशाळेतलं आपलं टेबल बदलून मागितलंय, एवढं मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. दाजी, माझ्या बढाईपायी पोरीचा संसार मोडतोय, ही गोष्ट घशाखाली उतरत नव्हती. संयोगिता माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. नुसती माझ्याकडं बघायची, पोरीकडं बघायची आणि आत निघून जायची.

शुक्रवारी मला आबांच्या फ्लॉप्या आठवल्या. ज्यांना मी हसलो होतो त्या. आबांच्या फेट्याच्या डब्यात, फेट्याच्या घडीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सापडल्या. ‘थोरली पाती, रायाजी.’ ‘मधली पाती, सुभानजी.’ आणि तिसरीच्या जागी डांबराची गोळी. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. तरी गुंडूकडून फ्लॉपी वाचायचा बाहेरचा ड्राइव्ह मागून आणला. (शिरोलीकडच्या काही जुन्या मशिनी अजून फ्लॉपीवर चालतात, म्हणून त्याच्याकडं तो असतो.) थोरली पाती आत सरकवली. खर्रर्र, टक. उघडली! चोवीस वर्षांनी, पहिल्या हाकेला. आधी सगळे पूर्वज डॉलर आणि टक्क्यांच्या खुणांत दिसले, कारण तो जुना मराठी फॉन्ट आता कुणाकडं नाही. पण आबांनी प्रत्येक फ्लॉपीत फॉन्टही घालायला लावला होता, ‘दिव्याबरोबर वात पायजे की’ म्हणून. तो चढवला आणि रायाजी स्वच्छ मराठीत प्रकट झाले. मी त्या फ्लॉपीला मनापासून हात जोडले. पण रायाजीचा काय उपयोग? म्हातारीला सिदोजी हवा होता.

शनिवारी सबंध घर उपसलं. नाही म्हणजे नाही. रविवारी सकाळी दहाला मंडळी येणार आणि आठ वाजता मी क्षमा कशा शब्दांत मागायची ते आरशासमोर म्हणून बघत होतो. आंघोळ करून बाहेर आलो, तर कॉम्प्युटरच्या टेबलावर फ्लॉपी. आबांचं अक्षर. ‘धाकटी पाती, सिदोजी.’ तिला शालूचा आणि डांबरगोळ्यांचा वास. मी ओरडतच स्वयंपाकघरात गेलो. ही म्हणाली, ट्रंक साफ करताना सापडली. कांदा चिरत होती, डोळ्यांना पाणी होतं. लग्नातली ट्रंक साफ करायला तिला नेमका कालचाच मुहूर्त मिळाला होता, पण त्या वेळी मला हे सुचलं नाही. मी नाचायचाच बाकी होतो.

मंडळी आली. म्हातारीनं सांगितलं, दुसऱ्या कुणी वाचायचं नाही, माझा नातू वाचंल. माझा तर चष्माही आनंदाच्या भरात कुठं गेला होता, त्यामुळं आधी उघडून बघणंही झालं नव्हतं. राजवीर खुर्चीत बसला, त्यानं फ्लॉपी सरकवली (पोरानं आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली, तरी एका झटक्यात जमलं, आणि त्या झिपला मी चार पानांचं माहितीपत्रक वाचत होतो). निशिगंधा आतल्या दाराशी आईच्या मागं. मी झुंबरबाईंच्या शेजारी, घामाघूम.

“आजी,” राजवीर वाचू लागला, “सिदोजी भावांशी भांडून निघाला. दूधगंगा वलांडून खाली गेला. तितं त्याला...” आणि थांबला. स्क्रीन बघितली. मान वर करून आमच्या हिच्याकडं बघितलं. पुन्हा स्क्रीन बघितली. मग त्याला असा खोकला आला, असा खोकला आला, की निशिगंधा तांब्या घेऊन धावली. जुन्या फ्लॉपीची धूळ, दुसरं काय. पोरगं दोन तांबे पाणी प्यालं. मग म्हणालं, “तितंच त्येचा वंश वाढला, आजी. समदी खालच्या अंगाचीच नावं हाईत. आपल्यातलं एक बी न्हाय.” आणि बटण दाबून फ्लॉपी बाहेर काढली. टक.

“खाली गेला व्हय?” झुंबरबाईंनी मांडीवर थाप मारली. “मग त्यो आमचा न्हवंच. आमचा घाटाकडनं आलेला, जोतिबाच्या अंगानं. चांगभलं! आणा सुपारी!” दाजी, तो शब्द ऐकला आणि सुपारीचं ताट आणायला मी स्वतःच उठलो. निशिगंधा हसली, आठ दिवसांत पहिल्यांदा, आणि ही पदर तोंडाला लावून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. म्हातारीनं जाताना माझ्या पाठीवर रट्टा घातला. “पावणं, घराणं सच्चं हाय तुमचं, समदं लिवून ठेवलंया.” तो रट्टा अजून दुखतोय आणि अजून गोड वाटतोय.

तर असं झालं. लग्नाला तुम्ही आणि अक्कानं आठ दिवस आधी यावं. मानाचा फेटा तुमचा. कानाचं मशीन घालून यावं. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीला जपावं.

तुमचा नम्र,
हंबीर

ता. क. आता गोठ्याचं दार ओढून घ्या. काल सगळे गेल्यावर चष्मा सापडला (कपाळावर होता) आणि सिदोजीचं पुढं काय झालं ते वाचावं म्हणून मी फ्लॉपी पुन्हा घातली. सिदोजी दूधगंगा ओलांडून निपाणीकडं गेला. तिथं त्याला देसगत मिळाली, वंशज देसाई झाले. पुढं सहा पिढ्या, आणि सातव्या पिढीला माझे सासरे. त्यांच्या खाली आबांच्या सांगण्यावरून टाइप केलेली शेवटची ओळ: ‘कन्या संयोगिता.’ दाजी, मी रायाजीचा आणि माझी बायको सिदोजीची. छत्तीस वर्षं मी भावकीत संसार करतोय. आधी मला घाम फुटला, मग हसू फुटलं, मग पुन्हा घाम. एवढ्या मागं कायदाही जात नाही म्हणा, पण झुंबरबाई कायद्याच्याही मागं जाते. पोरीचे आईबापच भाऊ-भन हे तिच्या कानावर गेलं तर सुपारी परत येईल. आणि राजवीरनं हे सगळं त्या दोन तांब्यांत गिळलं. जावई मला बघताक्षणी पसंत होता, आता तो देव्हाऱ्यात ठेवावासा वाटतो.

ता. क. दुसरा. हिला सगळं माहीत होतं. टाइप करतानाच कळलं होतं. आबांनाही येल्लाप्पाच्या तोंडून ऐकतानाच कळलं होतं. आठ दिवस ते धड जेवले नाहीत म्हणे, आणि मग तिला बोलावून ती फ्लॉपी हातात दिली. म्हणाले, सूनबाई, मी खोटं लिवणार न्हाय, पण ही तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे. म्हणून त्यांना पात्या वेगळ्या हव्या होत्या. मोठ्या डिस्कमधून एक भाऊ उचलून बाईच्या ट्रंकेत कसा ठेवणार? उरलेलं हिनं बघितलं. झिपच्या तोंडात दर खंडेनवमीला कुंकू, चोवीस वर्षं. सीडीनं पोपट येत नाहीत हे अक्काला हिनंच सांगितलं होतं, विचारून बघा. (वही तेवढी कृष्णामाईनं नेली, त्यात आपला हात नाही असं ती म्हणते.) एवढं जपलेलं तिनं काल पोरीसाठी उचलून टेबलावर ठेवलं आणि कांदा चिरत बसली. मला सांगितलं का नाही, विचारलं. म्हणाली, तुमच्या तोंडाचा भरवसा न्हवता. मला तिचा फार अभिमान वाटला आणि माझी फार लाज वाटली. फ्लॉपी पुन्हा शालूच्या घडीत गेली आहे. तुमची सीडी झाडावरच राहू द्या.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच आहे. एक साठवण अजून मोकळी फिरतेय. झुंबरबाईंनी जाता जाता ठरवलंय की लग्नात आमच्या हेळव्यानं मांडवात बसून दोन्ही घराण्यांची नावं म्हणावीत. येल्लाप्पा सुगीला आधी तुमच्या कुरुंदवाडला येतो, मग इकडं. तर तो आला की त्याला आपल्या हातानं एक चांगलं काळं घोंगडं द्यावं, जोंधळा शीग लावून द्यावा, आणि काही बोलू नये. हंबीररावाकडनं आहे एवढंच सांगावं. त्याला कळेल. त्याला तहान कुठं लावून घ्यायची ते आमच्या हिनं चोवीस सुगी शिकवलंय.

(पाकीट पुन्हा उघडून लिहितोय.) पाकिटाला डिंक लावताना ही मागं येऊन उभी राहिली आणि दाजींना काय काय कळवलंत म्हणून विचारलं. मी म्हणालो, झिप बिघडली, फ्लॉपी चालली, पोरीचं जमलं, एवढंच. आणि मला जोराचा खोकला आला. न मागता पाण्याचा तांब्या तिनं पुढं केला.